‘चा-ची-चे’ला इंग्रजीत काय लावायचं? कोका कॉर्पस वर्षभर वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

मी मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते, बहुतेक शेती, पाणी, बचत गट अशा विषयांवरचे संस्थांचे अहवाल असतात. इतकी वर्षं काम करून काळ चुकत नाहीत, ए-ॲन-द पण बऱ्यापैकी जमतं, पण एका जागी हात अजून थांबतो आणि ती जागा म्हणजे दोन नामांच्या मधलं प्रिपोझिशन. मागच्या वर्षी एक अहवाल संपादकांकडून परत आला तर जिकडे तिकडे ‘ऑफ’भोवती लाल गोल. रीझन ऑफ मायग्रेशन, डिमांड ऑफ अनियन, सोल्युशन ऑफ वॉटर प्रॉब्लेम, इन्क्रीज ऑफ इन्कम. मला वाईट वाटलं, पण मूळ मराठी शेजारी ठेवून बघितलं तेव्हा सगळ्या चुका एकाच ठिकाणाहून आलेल्या दिसल्या. स्थलांतराचं कारण, कांद्याची मागणी, पाणीप्रश्नाचं उत्तर, उत्पन्नाची वाढ. आपला चा-ची-चे एकटा ही सगळी नाती सांभाळतो आणि त्याला इंग्रजीत ‘ऑफ’ म्हणतात असं आपण पाचवी-सहावीत शिकलो ते डोक्यातून जातच नाही. प्रत्यक्षात रीझनला फॉर, डिमांडला फॉर, सोल्युशनला टु, इन्क्रीजला इन. आणि हे आपल्याला माहीत नसतं असंही नाही, माहितीचा अधिकार म्हणजे राईट टु इन्फर्मेशन हे 2005 पासून आपण सगळे बोलतोय, तिथे कोणी राईट ऑफ म्हणत नाही!

तर त्या अहवालानंतर एका मैत्रिणीने मला कोका दाखवलं. पूर्ण नाव कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश, कॉर्पस म्हणजे लोकांच्या खऱ्या लिखाणा-बोलण्याचा मोठा साठा, ज्यात शब्द शोधता येतात. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीतले तेव्हाचे भाषाशास्त्रज्ञ मार्क डेव्हिस यांनी ते बनवलं आणि 2008 मध्ये ऑनलाइन आणलं. 1990 ते 2019 या काळातली 100 कोटींहून जास्त शब्दांची खरी इंग्रजी त्यात आहे, टीव्ही-सिनेमातले संवाद, रेडिओ-टीव्हीवरच्या चर्चा, कथा, मासिकं, वर्तमानपत्रं, अभ्यासाचे जर्नल, ब्लॉग, वेबसाइट. म्हणजे नियम काय आहे ते विचारायचं नाही, लोकांनी काय लिहिलं आणि काय बोललं ते बघायचं. इंग्लिश-कॉर्पोरा डॉट ऑर्ग या साइटवर आहे, अकाउंट फुकट निघतं.

वापरायची माझी पद्धत सांगते. सर्चमध्ये नाम टाइप करायचं, मग स्पेस, मग अंडरस्कोर, आय, स्टार. त्या आय-स्टारचा अर्थ ‘इथे कुठलंही प्रिपोझिशन चालेल’. एंटर केलं की त्या नामानंतर येणारी सगळी प्रिपोझिशन्स आकड्यांसकट खाली उतरतात, सगळ्यात जास्त वापरलेलं सगळ्यात वर. आकड्यावर क्लिक केलं की खरी वाक्यं उघडतात, कुठल्या वर्षातलं, कुठल्या प्रकारच्या लिखाणातलं ते पण शेजारी दिसतं. आणखी एक गोष्ट मला फार आवडली, ‘टु’ दोन प्रकारचा असतो ना, ‘नीड टु गो’मधला क्रियापदाचा आणि ‘ॲन्सर टु द क्वेश्चन’मधला प्रिपोझिशनचा, या कॉर्पसमध्ये दोन्हींना वेगळे टॅग, म्हणजे शब्दाचा प्रकार सांगणाऱ्या खुणा, लावलेले आहेत, त्यामुळे आय-स्टारने शोधलं की पहिला ‘टु’ बाजूला राहतो.

आता खरी मजा वाक्यं वाचण्यात आहे, नुसता आकडा बघून बंद करू नका. ‘रीझन’ टाकल्यावर ‘फॉर’ खूपच पुढे, पण ‘ऑफ’ अगदी शून्य नाही. उघडून बघितलं तर तिथे ‘बाय रीझन ऑफ इन्सॅनिटी’सारखी कोर्टातली ठरलेली भाषा भेटते. ‘सोल्युशन ऑफ’ पण आहे, पण ते पाण्यात ब्लीच मिसळलेलं द्रावण नाहीतर गणितातल्या समीकरणाची उकल! म्हणजे मी पाणीप्रश्नाला ‘सोल्युशन ऑफ’ लिहिलं होतं ते वाचणाऱ्याला रसायनशास्त्राकडे ओढणारं होतं, हे मला कुठल्याच व्याकरणाच्या पुस्तकाने इतकं नीट दाखवलं नव्हतं. ‘इन्क्रीज’चं पण तसंच. कशात वाढ झाली ते सांगताना इन, किती झाली ते सांगताना ऑफ, म्हणजे उत्पन्नातली वाढ इन्क्रीज इन इन्कम पण दहा टक्क्यांची वाढ इन्क्रीज ऑफ टेन पर्सेंट. आणि बघा, मराठीत पण आपण एकीकडे ‘तली’ म्हणतो आणि दुसरीकडे ‘ची’, फरक आपल्या कानात आधीपासून होताच की.

हळूहळू मला कळलं की सगळे प्रत्यय दगा देत नाहीत. ‘वर’ बहुतेक वेळा सरळ जातो, शेतीवरचा परिणाम इम्पॅक्ट ऑन, हल्ला पण अटॅक ऑन. साठी पण बरा, कर्जासाठी अर्ज म्हणजे ॲप्लिकेशन फॉर. शी अर्धा भरवशाचा, बँकेशी करार ॲग्रीमेंट विथ बरोबर, पण त्याच्याशी लग्न म्हटलं की मॅरेज टु. सगळ्यात अवघड चा-ची-चेच. पाण्याची टंचाई शॉर्टेज ऑफ, अगदी सरळ, आणि लगेच पुढच्या ओळीत पाण्याची गरज म्हटलं की नीड फॉर. घराची किल्ली की टु. मी वहीत पानं पाडलीत, एकेका प्रत्ययाला एकेक पान, चा-ची-चेची आतापर्यंत सहा पानं झालीत.

अजून एक गाठ याच वर्षात सुटली. डिस्कस अबाउट, एम्फसाइज ऑन, दे डिमांडेड फॉर मनी असं क्रियापदाला प्रिपोझिशन लावायची आपल्याकडे सवय आहे, मी पण लावायचे. कारण असं दिसतं की ही प्रिपोझिशन्स त्यांच्या नामाची आहेत. डिस्कशन अबाउट बरोबर, एम्फसिस ऑन बरोबर, डिमांड फॉर बरोबर. इंग्रजीत या क्रियापदांना कर्म थेट जोडता येतं, वुई डिस्कस्ड द लोन, संपलं, पण तेच नाम झालं की मागे काहीतरी जोडणी लागतेच. आपण नामाची जोडणी क्रियापदाला लावून टाकतो. एकदा हे डोक्यात बसल्यावर माझं निम्मं करेक्शन कमी झालं, खरंच. याच साइटवर ग्लोब नावाचा वेगळा कॉर्पस आहे, 20 देशांच्या वेबवरची इंग्रजी, 190 कोटी शब्द, त्यात भारताचा रकाना वेगळा आहे. ‘डिस्कस अबाउट’ तिथे टाकून भारत आणि अमेरिका शेजारी बघा.

त्रास काय ते पण सांगायला हवं. मोबाइलवर बारीक अक्षरं आणि इतके टॅब की सुरुवातीला काही उमगत नाही, लॅपटॉपवरच बसा. फुकट अकाउंटला दिवसाच्या सर्चची मर्यादा आहे आणि मधे मधे पैसे भरण्याची सूचना समोर येते. नुसतं ‘ॲन्सर’ टाकलं तर क्रियापदवालं ॲन्सर पण मोजलं जातं, म्हणून नामाचा टॅग जोडायला शिकावं लागतं, मला दोन आठवडे लागले. आणि आय-स्टार लगेच शेजारचा शब्दच पकडतो, ते प्रिपोझिशन त्या नामाचंच आहे का हे त्याला कळत नाही, ‘फॉर दॅट रीझन इन 1995’ असलं काही पण यादीत येतं. म्हणून परत सांगते, वाक्यं उघडा. ब्रिटिश क्लायंट असेल तर त्याच साइटवरचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस घ्या, तो 10 कोटी शब्दांचा आणि जुना आहे, पण खेळाडू ‘ऑन द टीम’ की ‘इन द टीम’ असल्या ठिकाणी अमेरिका आणि ब्रिटन वेगळे पडतात ते तिथेच कळतं.

घाईत एकच शब्द बघायचा असेल तर कोलोकेशन डिक्शनरी, म्हणजे कुठल्या शब्दाबरोबर कुठला शब्द येतो ते सांगणारा कोश, जास्त सोपी पडते. पण ज्यांचं पोट इंग्रजी लिहिण्यावर आहे, भाषांतरकार, शिक्षक, पीएचडीवाले, त्यांनी कोका नक्की घ्यावं. माझ्याकडून पाचात साडेचार, अर्धा मोबाइलसाठी कापला.

काल ‘डिस्कशन’वर बसले होते, ऑफ, ऑन, अबाउट तिन्ही जिवंत निघाले. चार्ट उघडला तर जर्नलमध्ये ऑफचा जोर, गप्पांमध्ये अबाउटचा. ग्रामसभेतली चर्चा होती, अहवाल मात्र विद्यापीठाकडे जाणार होता, म्हणून मुख्य मजकुरात डिस्कशन ऑफ ठेवलं आणि बायकांच्या बोलण्यात डिस्कशन अबाउट.