एनएलपीचा कोर्स करून 'कोच' व्हायचं मनात असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा

एनएलपी म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रामिंग, बोलण्याची आणि विचारांची पद्धत बदलून माणूस बदलता येतो असं सांगणारं तंत्र. त्याच्या कोर्सपायी माझे १,५३,६९९ रुपये गेले. त्याहून जास्त जिव्हारी लागलंय ते हे, की माझ्या शब्दावर विश्वास ठेवून माझ्या मोठ्या जाऊबाईंचेही ३८,००० गेले. म्हणून लिहितेय.

मी नाशिकची. चौदा वर्षं एका खासगी शाळेत शिकवलं. सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली. त्या गेल्यावर पुन्हा शाळांचे उंबरे झिजवायला लागले तेव्हा वय बेचाळीस होतं, आणि निम्म्या पगारावर यायला तयार असलेल्या मुली रांगेत होत्या. त्याच दिवसांत मोबाईलवर ९९ रुपयांच्या वेबिनारची जाहिरात दिसली. 'घरबसल्या लाइफ कोच बना, सहा महिन्यांत महिना एक लाख.' वेबिनारनंतर ३,५०० ची दोन दिवसांची कार्यशाळा झाली, मग ३८,००० चा चार दिवसांचा एनएलपीचा 'प्रॅक्टिशनर' कोर्स.

खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत मी काही गोष्टी शिकले. समोरचा 'कधीच', 'सगळे', 'नेहमी' असं बोलला की तो शब्द धरून प्रश्न विचारायचा. 'हा कधीच अभ्यास करत नाही' म्हणणाऱ्या आईला 'मागच्या आठवड्यात एकदाही नाही?' असं विचारलं की ती थांबते, आठवते, आणि बोलणं पुढे सरकतं. शिकवणीतल्या मुलांच्या पालकांशी बोलताना मी हे आजही वापरते. पण चांगलं ऐकायला शिकणं वेगळं आणि त्यावर पोट भरणं वेगळं. हा फरक तिथे कुणी सांगितला नाही.

चौथ्या दिवशीची संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. महामार्गावरच्या हॉटेलचा हॉल, पडदे ओढलेले, एसी इतका गार की मी पदर खांद्यावरून लपेटून बसले होते. फोन सकाळीच एका टोपलीत जमा केलेले. दिवसभर आम्हाला आईवडिलांच्या आठवणी काढायला लावून रडवलं होतं. मग मोठ्या आवाजात गाणं लावलं, सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, 'मास्टर प्रॅक्टिशनर' या पुढच्या कोर्सची ही किंमत आठ वाजेपर्यंतच. मागच्या टेबलावर कार्डाचं मशीन आणि फायनान्सवाला मुलगा तयारच होता. माझ्यापुढची बाई डोळे पुसतच सही करत होती. मी म्हटलं, घरी विचारून उद्या सांगते. तर सर म्हणाले, "हीच तुमची लिमिटिंग बिलीफ, तुम्हाला मागे खेचणारी समजूत. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारूनच जगणार का?" मी सही केली. ९५,००० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१२,१०० रुपये, बारा हप्ते. त्या पावतीवर जीएसटी नंबरच नाही, हे मी चार महिन्यांनी पाहिलं.

सर्टिफिकेट जाड कागदाचं, सोनेरी शिक्क्याचं. मी ते फ्रेम करून बैठकीत लावलं. संस्थेने कबूल केलेले दहा क्लायंट काही आले नाहीत. कोर्सच्या ग्रुपवर विचारलं की उत्तर ठरलेलं: तुम्ही आतून तयार नाही, ब्रह्मांडाला तुमची शंका कळते. माझी प्रत्येक तक्रार माझ्याच मनाचा दोष ठरायची. तीन महिने मी खरंच स्वतःलाच दोष देत होते.

मग सांगितलं गेलं की आधी 'एनरोलमेंट' करून दाखवा, माणूस आणलात की ५,००० बोनस. जाऊबाई डबे करतात. मी त्यांना मेसेज पाठवला, 'ताई, तुमचं आयुष्य बदलेल, माझं बदललंय.' माझं काहीही बदललं नव्हतं. त्यांनी भिशीचे पैसे भरले आणि मी तो बोनस घेतला. त्या दिवशी मला कळायला हवं होतं की या सर्टिफिकेटवर कमाई होते ती पुढच्या माणसाला तेच सर्टिफिकेट विकून.

डोळे उघडले ते वेगळ्याच कारणाने. ओळखीतली एक आई बारावीतल्या मुलाला घेऊन आली. तो जेवत नव्हता, रात्र रात्र जागा असायचा. आम्हाला शिकवलं होतं की भीती आणि नैराश्य एका बैठकीत जातं. मुलाचा चेहरा बघून माझा धीर झाला नाही. मी त्यांना घेऊन मानसोपचार तज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी त्याला तपासलं, औषधं सुरू केली, आणि मला शांतपणे विचारलं, "तुमचा आरसीआय नंबर काय?" मला तो शब्दही माहीत नव्हता.

त्यानंतर मी शोध घेतला. एनएलपी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी सुरू केलं. आज या नावावर कुणा एकाची मालकी नाही. कुणीही संस्था काढून 'आंतरराष्ट्रीय' सर्टिफिकेट छापू शकतं. डोळे कुठे वळतात त्यावरून खोटं ओळखता येतं, हे आम्हाला छातीठोक सांगितलं होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याला काहीच आधार मिळाला नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला मान्यताप्राप्त शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजेच आरसीआयची, नोंदणी लागते. एनएलपी करून ती मिळत नाही.

मग या कोर्सनंतर काय करता येतं? शिक्षक, एचआर, विक्री, असं ज्यांचं काम आधीच चालू आहे त्यांना बोलण्या-ऐकण्यात थोडी मदत होते, तीसुद्धा छोट्या, स्वस्त कोर्समधून. कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये मी तीन ठिकाणी विचारलं. तिघांनीही आधी कुठे शिकवलंय ते विचारलं, सर्टिफिकेट कुणी पाहिलंही नाही. कोचिंगच करायचं असेल, तर इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीलाही प्रशिक्षणाचे ६० तास आणि प्रत्यक्ष कोचिंगचे १०० तास दाखवावे लागतात. माझ्या सर्टिफिकेटवर तास लिहिलेलेच नाहीत. समुपदेशनाची ओढ असेल तर विद्यापीठातून मानसशास्त्र शिका. वेळ लागतो, पण त्या पदवीला किंमत आहे.

तुम्ही पैसे भरले असतील तर जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पावत्या, ग्रुपवरचे मेसेज आजच जपून ठेवा. मी ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळं काढून घेतलं म्हणून निभावलं. फायनान्सचा करार वाचा. विचार बदलला तर कर्ज परत करायची छोटी मुदत त्यात असते, मी ती घालवली. हप्ते थांबवू नका, सिबिल आपलं बिघडतं. मी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. संस्थेचं उत्तर आलं, 'प्रशिक्षण दिलं, सर्टिफिकेट दिलं, फी परत होणार नाही.' मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

बोनसचे ५,००० मी जाऊबाईंना दिले, बाकीचे महिन्याला दोन हजारांनी देतेय. त्या म्हणाल्या, "अगं, राहू दे." मी थांबले नाही. पुढच्या तारखेला त्या सोबत येणार आहेत. फाइलला लावायला त्यांनी त्यांची पावती दिलीय, आणि मी त्यांना पाठवलेला तो मेसेजही.