पुश हँड्स: एका जागी उभं राहून की पावलं टाकत?

ताई चीचा फॉर्म, म्हणजे एकट्याने करायची ठरलेल्या हालचालींची साखळी, अंगवळणी पडला की पुढचा प्रश्न येतो: जोडीदारासोबतचा सराव कुठून सुरू करायचा? चिनीत याला 'तुईशौ' म्हणतात, म्हणजे ढकलणारे हात. माझं मत आधीच सांगते: एका हाताने आणि पाय न हलवता.

दोघांनी उजवा पाय पुढे ठेवायचा आणि उजव्या मनगटाला उजवं मनगट टेकवायचं. एकजण ढकलतो. दुसरा वजन मागच्या पायावर घेत कंबर वळवतो आणि आलेला जोर बाजूला जाऊ देतो, मग तोच ढकलतो. जात्यावर समोरासमोर बसून दोघी दळतात ना, एकच खुंटा धरून, आळीपाळीने ओढत, तसं हे वर्तुळ फिरतं. दिसायला सोपं आहे, पण खांदा जरा ताठ झाला की समोरच्याला लगेच कळतं. स्पर्शातून असं ओळखण्याला चिनीत 'ऐकणं' असाच शब्द आहे, आणि ते शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. पाय रोवलेले असल्यामुळे पळवाट नसते. जे करायचं ते कंबरेने आणि मांडीच्या सांध्यानेच.

दोन हातांच्या सरावात चार क्रिया फिरत राहतात. पंग म्हणजे हात गोल ठेवून जोर झेलणं, ल्यू म्हणजे तो मागे वळवणं, जी म्हणजे आपल्या एका हाताला आपल्याच दुसऱ्या हाताचा आधार देऊन दाबणं आणि आन म्हणजे तळहातांनी ढकलणं. क्रम पाठ होतो आणि तिथेच घात होतो: हात फिरतात, ऐकणं बंद पडतं. म्हणून काही महिने एका हाताचं केल्यावरच इकडे यावं.

पावलं टाकत करायच्या प्रकारांत 'दालू' प्रसिद्ध आहे. नाव एक असलं तरी सराव एक नाही, हे वर्ग निवडण्याआधी विचारून घ्या. यांग शैलीत दालू म्हणजे चार कोपऱ्यांकडे पावलं टाकत खेचणं, कोपर आणि खांदा वापरणं. चेन शैलीत ते खूप खाली बसून, एक पाऊल पुढे, एक मागे असं चालतं. गुडघे दुखत असतील तर चेन शैलीचं दालू सध्या नको. शिवाय चालता येतं म्हटल्यावर नवशिका चूक पावलाने झाकतो.

स्पर्धेची घाई तर मुळीच नको. जिंकायचं म्हटलं की सुरुवातीला ताकदच धावून येते. तुईशौच्या जुन्या पद्यात चार लियांगने हजार जिन वळवायला सांगितलं आहे. जुन्या मापाने हे साधारण 150 ग्रॅमने 600 किलो वळवणं झालं.

वर्ग ठरवण्याआधी एकदा जाऊन बघा: शिक्षक प्रत्येकाच्या मनगटाला स्वतःचं मनगट लावून शिकवतात, की लांबूनच सूचना देतात? लांबून सांगत असतील तर दुसरा वर्ग शोधा.