अल्फाचं गटपुढारी प्रशिक्षण: बोलायला नव्हे, गप्प बसायला शिकवणारं

चर्चच्या मंडळीतल्या पंचविशीतल्या मुलाकडे चर्चेचा गट सोपवला की दहाव्या मिनिटाला त्याचं प्रवचन सुरू होतं. दोष त्याचा नाही. संडे स्कूलपासून तरुण संघापर्यंत त्याने पुढे उभं राहून बोलणारी माणसंच पाहिलेली असतात. अल्फा हा ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणारा कोर्स. त्यातले गट चालवणाऱ्यांसाठीचं टीम ट्रेनिंग ही सवय मोडायला घेतं, आणि तेवढ्यासाठी तरी ते करून घ्यावंच.

अल्फाची सुरुवात 1977 मध्ये लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चमध्ये झाली, तीही चर्चच्या नवख्या सभासदांसाठी. 1990 मध्ये निकी गंबल यांनी सूत्रं घेतल्यावर त्याचा रोख चर्चबाहेरच्या माणसाकडे वळला. दहा-अकरा आठवडे, दर वेळी आधी जेवण, मग भाषण, मग गटचर्चा. मधे पवित्र आत्म्यावर एक शनिवार-रविवार. नोंदणी केली की साहित्य फुकट मिळतं. टीमसाठी दोन सत्रं असतात: गट कसा चालवायचा आणि कोणासाठी प्रार्थना कशी करायची.

पहिलं सत्र अव्वल आहे. गट साधारण बाराचा: त्यात एक-दोन पुढारी, एक-दोन मदतनीस, बाकी पाहुणे. मदतनीस चर्चेत जवळजवळ बोलतच नाही. पाहुण्यांची नावं लक्षात ठेवतो, चहा पुढे करतो, मनातल्या मनात प्रार्थना करतो. पुढाऱ्याने उत्तरं द्यायची नाहीत, विचारायचं: तुम्हाला काय वाटलं? एकाने आक्षेप घेतला तर खुलासा न करता दुसऱ्याकडे वळायचं: आणि तुम्हाला? ऐकायला सोपं, करायला महाकठीण. आपल्याकडे तोंडात बसलेला प्रश्न म्हणजे "कळलं का?" हा मास्तरांचा प्रश्न, त्याला "हो" सोडून उत्तरच नसतं. "बरोबर ना?" त्याहून वाईट. हे दोन्ही प्रश्न सरावात सरळ बंद करावेत.

आणि सराव हवाच. नुसते व्हिडिओ दाखवून सोडणं ही सर्रास होणारी चूक. तिसरी संध्याकाळ जोडा आणि वीस-वीस मिनिटांचे खोटे गट चालवा: एकजण अखंड बोलणारा, एक तोंड न उघडणारा, एक वाद घालणारा. प्रश्न विचारल्यावर पुढाऱ्याने मनात दहापर्यंत मोजायचं. बहुतेकजण चारवर फुटतात आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात.

प्रार्थनेच्या सत्रातले नियम साधे आणि शहाणे आहेत. पुरुषासाठी पुरुषाने, बाईसाठी बाईने प्रार्थना करावी. खांद्यावर हात ठेवण्याआधी विचारावं. गटात कळलेलं बाहेर न्यायचं नाही. पवित्र आत्म्याच्या वरदानांवरचा (अन्य भाषांत बोलणं, आजार बरे करणं) भर मात्र सगळ्या मंडळ्यांना मानवणार नाही. पाळकांनी (पास्टरांनी) ती भाषणं आधी ऐकावीत, ऐनवेळी कुजबुज नको. वसईसारख्या कॅथलिक धर्मग्रामांनी (पॅरिशनी) कॅथलिक संदर्भासाठीचं वेगळं साहित्य घ्यावं.

आता उणिवा. अल्फाचे प्रश्न लंडनच्या माणसाला समोर ठेवून घातलेले आहेत, ज्याला देव आहे की नाही हीच शंका आहे. आपल्याकडच्या पाहुण्याला देव असण्याबद्दल सहसा अडचण नसते. त्याचा प्रश्न असतो, मग येशूच का? घरी काय सांगू? या दोन प्रश्नांवर प्रशिक्षणात जवळपास काही नाही. ती तयारी स्वतः करावी लागते.

दुसरी अडचण भाषेची. व्हिडिओ इंग्रजीतले असतील तर निम्मा गट मान डोलावतो आणि चर्चेत गप्प. त्यापेक्षा मंडळीतल्या कुणीतरी तोच विषय मराठीत पंचवीस मिनिटं मांडावा. त्याला मुभा आहे. पुढाऱ्यांनी आधी बसून शब्दांची यादी करावी: तारण, नीतिमान, पश्चात्ताप, अभिषेक. बाहेरच्याला यातला "नीतिमान", म्हणजे देवापुढे निर्दोष ठरलेला, नुसता सज्जन गृहस्थ वाटतो. सगळ्यांच्या हातात एकाच आवृत्तीचं बायबल द्या आणि "योहान 3" न म्हणता पान क्रमांक सांगा. नव्या माणसाला योहान कुठे सापडतो हे ठाऊक नसतं आणि तो शोधत असताना सगळे त्याच्याकडे पाहत बसतात.

जेवणाबद्दल एक. तिथला भरलेला टेबल इथे आणायची गरज नाही; पोहे आणि चहा पुरे. खर्च मंडळीने किंवा टीमने वाटून घ्यावा आणि कुणाला काही देणंघेणं ठेवू नये. इंदूर किंवा बडोद्यात गट चालवणाऱ्यांनी तर मध्य प्रदेश आणि गुजरातचे धर्मस्वातंत्र्य कायदे प्रशिक्षणातच वाचून घ्यावेत, कारण धर्मांतरासाठीचं आमिष हा शब्द तिथे कायद्याचा आहे. पाहुणा यायचा थांबला तर मागे लागू नका, ही अल्फाची मूळ शिकवण इथे दुप्पट लागू पडते. न विचारता व्हॉट्सॲप गटात टाकणं हेही मागे लागणंच.

गट बिघडतो तो बहुतेकदा एकाच कारणाने: बारापैकी नऊजण मंडळीतलीच मुलं. ती वचनं पाठ म्हणून दाखवतात आणि आलेले दोन पाहुणे तिसऱ्या आठवड्याला दिसेनासे होतात. मंडळीतल्यांचा वेगळा गट करा. दुसरं, वेळ. नऊला संपवायचं म्हटलं की नऊलाच, चर्चा रंगली असली तरी. लोकल पकडणारा माणूस एकदा अडकला की पुन्हा येत नाही.

या पद्धतीतली सर्वांत कामाची युक्ती म्हणजे कोर्स संपलेल्या पाहुण्यालाच पुढच्या खेपेला मदतनीस करणं, मग पुढारी. वर्षाला दोन कोर्स झाले तर पुढाऱ्यांचा तुटवडा राहत नाही. पण दोन कोर्सांमधल्या महिन्यांत गटाने काय करायचं यावर प्रशिक्षण फारसं बोलत नाही, आणि थेट रविवारच्या उपासनेला नेलेली माणसं तिथे बुजतात. म्हणून पुढे भेटत राहण्यासाठी शेवटच्या आठवड्याआधी घर, वार आणि वेळ ठरलेली हवी, पुढारी तेच. बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान वाचायला घ्या: 16 अध्याय, आठवड्याला एक, चार महिने निघतात.