सिल्वेस्टरचा 'लिव्हिंग प्रूफ' डबल एलपी, घ्यावा का?

सिल्वेस्टर म्हणजे सत्तरच्या दशकातला काळा अमेरिकन डिस्को गायक, आणि हा त्याच्या एका कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगचा दोन तबकड्यांचा संच. मी सेकंडहँड घेतला. विकणाऱ्याने 'जवळजवळ नवा' लिहिलं होतं पण कव्हरचा कोपरा दुमडलेला निघाला आणि पहिल्या रेकॉर्डला सुरुवातीला बरीच खरखर आहे. तरी परत नाही केला, कारण एकदा सुई टेकवली आणि मग रात्री दोनपर्यंत उठलोच नाही.

११ मार्च १९७९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉर मेमोरियल ऑपेरा हाऊसमधे हा कार्यक्रम झाला. डिस्को म्हणून विकतात पण माझ्या कानाला हे चर्चचंच गाणं आहे. सिल्वेस्टर लॉस एंजेलिसच्या पेंटेकोस्टल चर्चमधे (तिथे प्रार्थनाही जोरजोरात गाऊन करतात) गात मोठा झाला, गे म्हणून लोक नावं ठेवायला लागले तेव्हा १३ व्या वर्षी चर्च सोडलं, पण गळ्यातलं चर्च कुठे जाणार! 'यू आर माय फ्रेंड' ऐकाच. मधेच तो मागे गाणाऱ्या मार्था वॉश आणि आयझोरा रोड्सची ओळख करून देतो, ह्या बायका काय गातात बघा म्हणून, मग त्यांनाच पुढे करतो आणि भजनात बुवा एक ओळ धरून बसतात ना तसं चालू होतं, लोक ओरडतायत, आणि मला दर वेळी रडू येतं.

कारण त्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी किती जणांना पुढची दहा वर्षं मिळाली कोण जाणे. १९८१ मधे एड्सच्या पहिल्या बातम्या आल्या. त्याच्या गाण्यांना सिंथेसायझर देणारा पॅट्रिक काउली १९८२ मधेच गेला. सिल्वेस्टर स्वतःही एड्सनेच गेला, १६ डिसेंबर १९८८ ला, वय ४१. पण तो लपून बसला नाही, त्याच वर्षीच्या समलिंगी लोकांच्या प्राइड मोर्चात एड्स झालेल्यांच्या तुकडीबरोबर व्हीलचेअरवरून गेला, आणि हा फक्त गोऱ्या गे पुरुषांचा आजार समजून काळ्या समाजाकडे दुर्लक्ष होतंय हे मुलाखतीत उघड बोलला. अंत्यविधी कसा करायचा तेही त्यानेच ठरवून ठेवलं होतं, ओकलंडच्या लव्ह सेंटर चर्चमधे. चर्चमधून बाहेर पडावं लागलेल्या मुलाला शेवटी गॉस्पेल, म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधली भक्तिगीतं, गाऊनच निरोप दिला.

आणि मृत्युपत्रात गाण्यांची पुढची रॉयल्टी दोन संस्थांच्या नावे केली, एड्स इमर्जन्सी फंड आणि प्रोजेक्ट ओपन हँड. ओपन हँड म्हणजे रूथ ब्रिंकर नावाच्या आजींनी १९८५ मधे सात आजारी लोकांसाठी जेवण बनवून सुरू केलेलं काम. लोक ज्या गाण्यांवर नाचले त्याच गाण्यांच्या पैशातून अंथरुणाला खिळलेल्यांना जेवण, हे वाचल्यापासून ही रेकॉर्ड मला वेगळीच ऐकू येते.

सेकंडहँड घेतल्यावर रॉयल्टी जात नाही हे मला उशिरा सुचलं, त्यामुळे तुम्हाला नवी प्रत मिळाली तर तीच घ्या. चौथी बाजू स्टुडिओतली आहे, ठीक आहे, मी फारशी लावत नाही. बाकीच्या तीन मात्र सलग ऐका, मोबाईल बाजूला ठेवून, आणि आवाज मोठा ठेवा.