पोस्टग्रेसच्या जेसनबीवर आंब्याचा एक सीझन काढल्यावर

देवगडजवळच्या आमच्या पॅकिंग शेडच्या सगळ्या नोंदी नोव्हेंबरपासून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत. मोहोर येण्याआधी सुरुवात केली, आता पाऊस लागला. आठ महिने रोज वापरून मग लिहितोय.

प्रत्येक खेपेचा एक जेसन दस्तऐवज, म्हणजे नाव आणि त्याचं मूल्य अशा जोड्यांची नोंद: बागायतदार, बाग, तोडणीची तारीख, फळाचं सरासरी वजन, पेट्या, फवारण्या. एका बागेत तुडतुड्यांसाठी चारच फवारण्या, दुसरीत फुलकिड्यांपायी नऊ. ठरावीक कॉलमांत हे बसेना, म्हणून जेसनबी (असे दस्तऐवज साठवायचा पोस्टग्रेसचा प्रकार) घेतलं. २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून ते पोस्टग्रेसमध्ये आहे, आणि साठवणुकीत मला त्याने एकदाही दगा दिलेला नाही.

अडलं ते एप्रिलमध्ये. वाशीच्या बाजाराची गाडी भरायच्या वेळी २५० ग्रॅमच्या वरच्या खेपा काढायच्या, तर क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) रखडायची. मग एका संध्याकाळी यादीच चुकली. दस्तऐवजातलं वजन मी मजकूर म्हणून ताडत होतो, आणि मजकुरात पहिला अंकच आधी बघितला जात असल्याने ९० हे २५० पेक्षा मोठं ठरतं. त्याचं संख्येत रूपांतर करून बघितलं तर क्वेरीच एरर देऊन थांबली. शेडमधल्या मुलांनी मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून वजन देवनागरी अंकांत टाकलं होतं, काहींनी पुढे 'ग्रॅम'ही जोडलं होतं. पोस्टग्रेस असा मजकूर संख्येत बदलत नाही. समोर एक बागायतदार काका उभे होते. ते एवढंच म्हणाले, "ह्या यादीत आमची बाग खंय आसा?" त्या रात्री स्कीमा, म्हणजे नोंदीत काय आणि कसं असावं याचे नियम, लिहायला बसलो.

स्कीमा म्हणजे चुकीची नोंद अडवणारा पहारेकरी, एवढंच तोवर मला वाटायचं. वेगाशीही त्याचा संबंध आहे हे नंतर उमगलं. वजन प्रत्येक दस्तऐवजात असणारच, एकदाच असणार आणि संख्याच असणार, एवढी हमी मिळाली की ते जनरेटेड कॉलममध्ये, म्हणजे दस्तऐवजातून आपोआप भरल्या जाणाऱ्या कॉलममध्ये, काढता येतं (ही सोय १२ व्या आवृत्तीपासून) आणि त्यावर साधा बी-ट्री इंडेक्स (क्रमाने लावलेली शोधसूची) लागतो. आधी एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) सिक्वेन्शल स्कॅन दिसायचा, म्हणजे अख्खं टेबल चाळलं जायचं. आता थेट इंडेक्स वापरला जातो आणि गाडीवाल्याला ताटकळावं लागत नाही.

पण हे आपोआप होत नाही, आणि माझा सगळा भर यावर आहे. दस्तऐवजाच्या पोटातल्या मूल्यांची आकडेवारी प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) ठेवत नाही. किती ओळी सापडतील याचा तो ठोकळ अंदाज बांधतो आणि तो चुकला की क्वेरीची वाटही चुकते. कॉलम वेगळा काढून ॲनालाइझ (आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवलं की अंदाज ताळ्यावर येतो. नुसती चेक अट (नोंद आत घेण्याआधी तपासली जाणारी अट) लिहून ठेवली तर साध्या टेबलावर क्वेरी वेगवान होत नाही.

जिन इंडेक्सही (दस्तऐवजाच्या आतल्या गोष्टींची सूची) लावून बघितला. अमुक बागायतदाराच्या खेपा शोधायला तो फार छान आहे. 'पेक्षा जास्त' किंवा 'या तारखेनंतर' असं विचारलं तर मात्र त्याचा उपयोग नाही.

चेक अटीत मी एकदा फसलो, तेही सांगतो. 'वजनाचा प्रकार संख्या असावा' एवढंच लिहिलं होतं. पण वजनाची की-च (दस्तऐवजातलं 'वजन' हे नावच) नसली तर उत्तर नल, म्हणजे 'माहीत नाही', येतं, आणि नल आल्यावर चेक अट नोंद आत जाऊ देते. की असलीच पाहिजे, हे वेगळं लिहावं लागतं. तारखेचं दुखणं निराळं: मजकुराचं तारखेत रूपांतर सर्व्हरच्या सेटिंगवर अवलंबून असतं, त्यामुळे ते इम्युटेबल (नेहमी तेच उत्तर देणारं) धरत नाहीत आणि जनरेटेड कॉलम नाकारला जातो. मी वर्ष-महिना-दिवस अशा एकाच साच्याची सक्ती केली आणि तारखेचा कॉलम मजकूरच ठेवला. क्रम बरोबर लागतो.

नोंदींचा आकार अजून ठरत असेल तर जेसनबीने सुरुवात करायला माझी हरकत नाही. मात्र ज्या चार-पाच गोष्टींवर रोज चाळणी लावायची आहे, त्यांचा स्कीमा पहिल्याच आठवड्यात लिहा. मी तो पाच महिने पुढे ढकलला आणि जुन्या नोंदी हाताने दुरुस्त करण्यात भर सीझनच्या रात्री घालवल्या. साठवलेला जनरेटेड कॉलम जोडताना अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तेवढा वेळ कुलूपबंद राहतं, म्हणून हे काम गाडी भरायच्या वेळी काढू नका. दलालांकडून आलेल्या पट्ट्यांचं (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) टेबल तसंच राहिलंय. शेड रिकामी आहे, ते आता करायला घेतलंय.