माणदेशची घोंगडी आणि मुंबईची दमट हवा

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात खाद्यपदार्थांच्या गाळ्यांपुढे जी झुंबड असते, ती लोकरीच्या वस्तूंपुढे नसते. त्यामुळेच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून आलेल्या एका महिला बचत गटाच्या गाळ्यावर निवांत चौकशी करून हातमागावरची घोंगडी घेता आली. गाळा गटातल्या वहिनींचा होता, पण मालाविषयी बोलत होते त्यांचे यजमान. मेंढपाळाच्या घरात जन्मलेले हे गृहस्थ पायदळात नोकरी करून, १९९९ च्या कारगिल युद्धात द्रास भागात राहून आले आणि निवृत्तीनंतर पुन्हा मेंढरांकडे वळले. शेजारच्या गाळ्यावरचे लोक त्यांना ‘मेजर’ म्हणत होते, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो.

घोंगडी साधारण चार फूट रुंद आणि आठ फूट लांब आहे. वजन अडीच किलोच्या आसपास असून अंग काळे आणि काठ पांढरे आहेत. रंग दिलेला नाही; हा काळेपणा दख्खनी मेंढीच्या लोकरीचाच आहे. सूत हातकताईचे असल्याने कुठे जाड, कुठे बारीक आहे आणि ताण्याला चिंचोक्याची खळ दिल्यामुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ लागते. वापरात ती हळूहळू नरम होते. बाजारात घोंगडी म्हणून अॅक्रिलिकचा मालही खपवला जातो, म्हणून मेजरांनी न विचारता दशीचा एक धागा तोडून काडीने पेटवून दाखवला. केस जळल्याचा वास आला आणि उरलेली राख बोटांत भुरभुर चुरली. अॅक्रिलिक असते तर ते वितळून त्याचा टणक मणी झाला असता. असा पुरावा समोर ठेवणारे विक्रेते थोडे.

किंमत साडेतीन हजार रुपये आहे आणि ती अनेकांना जास्त वाटेल. मलाही आधी वाटली होती, पण मेजरांनी मांडलेला हिशेब ऐकल्यावर मी घासाघीस केली नाही. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा किलो लोकर देते. कातरलेल्या लोकरीतून माती, काटे आणि कुसळे निघाल्यावर वजन आणखी घटते, म्हणजे या एका घोंगडीत पाच-सहा मेंढ्यांची वर्षभराची लोकर गेली आहे. त्यापुढे पिंजणे, कातणे आणि घोंगड्या विणणाऱ्या सणगर समाजाच्या मागावरचे विणकाम असते, आणि कातणाऱ्या म्हाताऱ्या बायका दरवर्षी कमी होत आहेत. मेंढपाळाचा संसार लोकरीवर चालतच नाही. पैसा येतो तो कोकरे विकून, आणि दिवाळीनंतर चाऱ्यासाठी कळप बाहेर पडला की वाटेतल्या शेतांत खतासाठी मेंढरे बसवून मिळणाऱ्या धान्यातून. भरड लोकरीला भाव नसल्याने कित्येक ठिकाणी ती कातरून टाकून देतात. मेजरांच्या घरी ती टाकली जात नाही, याचे कारण त्यांनी स्वच्छ सांगितले: पेन्शन येते म्हणून लोकरीचा तोटा सोसता येतो. हस्तकलेच्या जतनाविषयी मोठमोठे फलक लावणाऱ्या प्रदर्शनात मला हे एकच वाक्य खरे वाटले.

त्यांच्या युद्धसेवेचा गाळ्यावर कुठेही बाजार मांडलेला नव्हता, याची नोंद मुद्दाम करतो. गणवेशातला फोटो नाही, पदके नाहीत. विषय निघाला तोही माझ्या प्रश्नामुळे, आणि तेव्हाही ते स्वतःच्या तुकडीऐवजी ताशी नामग्याल यांच्याविषयी बोलले. हरवलेला याक शोधताना बटालिकच्या डोंगरात घुसखोर पाहून त्यांची खबर मे १९९९ मध्ये सैन्याला देणारा तो मेंढपाळ. ‘डोंगरात नवीन माणूस आला की पहिल्यांदा मेंढक्यालाच कळतंय,’ एवढे म्हणून ते पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळले.

आता मुंबईच्या घरातला अनुभव. थंडी मोजकीच असल्याने पांघरूण म्हणून तिचा उपयोग फार थोडे दिवस होतो, आणि तेव्हाही खाली सुती चादर हवीच, कारण ही लोकर मेरिनोसारखी मऊ नसून अंगाला चांगलीच टोचते. आमच्याकडे ती अंथरूण म्हणून जास्त वापरली जाते. फरशीचा गारवा ती वर येऊ देत नाही आणि दमट रात्रीही ओलसर लागत नाही. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा लोकर शोषून घेते, त्याचा हा गुण. पाठदुखी बरी होते वगैरे दावे इतरत्र केले जातात, ते मेजरांनी केले नाहीत आणि मीही करणार नाही. सुरुवातीचे काही आठवडे मेंढराचा वास येतो, त्याची घरात तक्रार झाली. उन्हात घातल्यावर तो कमी झाला. पावसाळ्यात खरी भीती कसर लागण्याची असते. कपाटात बंद करून न ठेवता अधूनमधून झटकून वारा द्यावा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घडीत घालावा, आणि धुण्याच्या यंत्रात कदापि टाकू नये, कारण ती आटते आणि घट्ट होते. गच्चीवर ऊन मिळत नसेल त्यांनी घेण्याआधी विचार करावा.

उणीव सांगायची तर एका टोकाच्या दशांच्या गाठी सैल निघाल्या, त्या घरी पुन्हा माराव्या लागल्या. पावती हाताने लिहिलेली मिळाली, पैसे मोबाइलवरून देता आले. घरपोच मागणीचे मात्र भिजत घोंगडे आहे: फोनवर मागणी घेतात, पण लोकर कातरणीच्या हंगामानंतरच माल निघतो आणि तारीख देत नाहीत. दुहेरी पलंगाच्या मापाची हवी असेल तर मागाच्या पन्ह्यामुळे दोन पट्ट्या मधोमध शिवून देतात, आणि ती शिवण झोपताना पाठीला जाणवते, हे त्यांनी विकण्याआधीच सांगितले.