न सांगितलेला सौदा: ब्रोकरशी भांडायचं कुठे, स्कोअर्सवर की स्मार्ट ओडीआरवर?

रात्री कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने पाठवलेली दिवसभराच्या सौद्यांची नोंद) उघडावी आणि तिच्यात आपण सांगितलेलाच नाही असा सौदा दिसावा. तक्रार कुठे करायची हे शोधण्याआधी तो सौदा झाला कसा हे बघा, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

ब्रोकरच्या डीलरने (ऑर्डर टाकणाऱ्या कर्मचाऱ्याने) किंवा अधिकृत प्रतिनिधीने परस्पर केलेला सौदा असेल, तर तुमची बाजू सगळ्यांत भक्कम. शेअरबाजाराची नियामक संस्था सेबीने 2018 पासून नियम केला आहे की ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा असल्याशिवाय ब्रोकरने सौदा करायचा नाही. सही केलेला कागद, फोनचं रेकॉर्डिंग, ईमेल, एसएमएस किंवा इंटरनेट व्यवहाराचा लॉग (संगणकावरची नोंद), यांतलं काहीतरी हवंच. वाद झाला तर ते दाखवायची जबाबदारी ब्रोकरची. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये रेकॉर्डिंग किंवा लॉग मागा. फोनवरच्या गोड बोलण्यावर थांबू नका.

मार्जिन (सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची रक्कम) कमी पडल्यामुळे झालेल्या स्क्वेअर ऑफमध्ये, म्हणजे ब्रोकरने आपला सौदा बंद करण्यात, असं बळ नसतं. खातं उघडताना त्याला आपणच संमती दिलेली असते, त्यामुळे आधी कळवलं होतं का एवढ्यावरच बोलता येतं. ॲप अडकून ऑर्डर दोनदा गेली असेल, तर वेळ दिसणारे स्क्रीनशॉट तुम्हाला तारतील. आणि आपलंच बोट चुकलं असेल, तर गप्प बसावं हे बरं.

आता मार्ग. ब्रोकरच्या तक्रार निवारण विभागाला लिहिणं ही पहिली पायरी. ती चुकवता येत नाही. तिथे दाद लागली नाही की दोन दारं उघडतात.

स्कोअर्स हे सेबीचं तक्रार पोर्टल. 1 एप्रिल 2024 पासून त्याची नवी आवृत्ती चालू आहे. फी नाही, मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. ब्रोकरला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते पटलं नाही, तर 15 दिवसांच्या आत फेरतपासणी मागता येते, त्यानंतर दुसऱ्यांदा थेट सेबीकडे. पण स्कोअर्स म्हणजे न्यायाधीश नव्हे. 'ग्राहकाच्या लॉगिनवरूनच ऑर्डर आली' असं ब्रोकरने लिहिलं आणि तुम्ही 'नाही' म्हणालात, तर खरं कोण हे तिथे ठरत नाही. अडवलेले पैसे, न मिळालेली स्टेटमेंट, दडपलेलं रेकॉर्डिंग अशा गोष्टी बाहेर काढायला मात्र ते उत्तम.

भरपाईचा आकडा हवा असेल तर स्मार्ट ओडीआर. 2023 मध्ये सुरू झालेल्या, ऑनलाइन वाद सोडवण्याच्या या पोर्टलवर आधी समेटाचा प्रयत्न होतो. त्याला 21 दिवस, दोघांची तयारी असेल तर आणखी दहा. तिथे जमलं नाही तर लवाद, म्हणजे दोघांचं ऐकून निवाडा देणारा त्रयस्थ. एक लाखापर्यंतच्या दाव्यात लवाद सहसा सुनावणी न घेता कागदपत्रांवरच निवाडा देतो, त्यामुळे घरबसल्या काम होतं. लवादाची फी दाव्याच्या रकमेप्रमाणे वाढते. निवाडा विरुद्ध गेला तर पुढे कोर्ट, आणि तो खर्च बहुतेकांना झेपत नाही. म्हणून लवादाकडे जायचं ते कागदपत्रांची फाईल तयार ठेवूनच.

दोन्ही दारं एकाच वेळी ठोठावता येत नाहीत. माझं मत विचाराल तर पुरावा ब्रोकरच्या ताब्यात असेल तर आधी स्कोअर्स, कारण तिथलं लेखी उत्तर पुढे लवादासमोर ठेवता येतं. पुरावा तुमच्याच हातात असेल, तर थेट ओडीआर. स्कोअर्सवर महिने घालवण्यात काही हशील नाही.

ग्राहक आयोगाचं नाव काही जण काढतात. तिथे शेअरबाजारातला सौदा म्हणजे 'व्यापारी हेतू' ठरवण्यावरच वाद अडकतो, म्हणून मी तिकडे वळणार नाही.

दोन्हीकडे एक प्रश्न हमखास येतो: 'सौदा तुमचा नव्हता, तर इतके दिवस शेअर ठेवला कशाला?' भाव वर गेला तर माझा, खाली आला तर ब्रोकरचा, हे कुणीच मान्य करत नाही. दिवसाअखेर एक्स्चेंजचा एसएमएसही येतो, त्यामुळे 'कळलंच नाही' म्हणायची सोय नाही. त्याच रात्री 'हा सौदा मला मान्य नाही, नुकसान वाढू नये म्हणून पोझिशन बंद करतोय, हक्क राखून' असा ईमेल करावा आणि बाजार उघडताच ती पोझिशन (तो उघडा राहिलेला सौदा) बंद करावी. झालेल्या तोट्याचा आकडा तिथेच पक्का होतो, दावाही तेवढ्याचाच करता येतो.

पासवर्ड किंवा ओटीपी चोरून कुणी सौदा केला असेल, तर प्रकरण वेगळं. तिथे आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, खातं गोठवा, मग ब्रोकरला लिहा.